मांडावर मागितलेली जागा

परवा मुलाकडे पुण्याला गेलो होतो. त्याने हौसेने मला एका भल्यामोठ्या दुकानात नेलं. गाड्या लावायला खाली तळघर. लिफ्टच्या अगदी तोंडाशी पिवळ्या पट्ट्यांची एक जागा राखून ठेवलेली आणि जमिनीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेलं. त्या चित्रावर एक लांबलचक काळी गाडी येऊन उभी राहिली आणि आतून चाळिशीचा एक धट्टाकट्टा गृहस्थ टुणकन उतरला. किल्ली बोटात फिरवत निघाला लिफ्टकडे. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘अहो, पाय तर चांगले दिसतायत तुमचे!’’ तो म्हणाला, ‘‘पास आहे, काका.’’ काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि गेलासुद्धा. माझे कान तापले. मुलाने माझा दंड धरला. ‘‘बाबा, चला ना. आपलं काय जातंय?’’

आपलं काय जातंय! हा प्रश्न ज्या पोराने विचारला, त्याच्याच पायी आमच्या घरात एक वर्षभर काय चाललं होतं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा तो चार वर्षांचा होता. म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला होता, पण माणसं पत्रावर अजून चुकून रत्नागिरीच लिहायची. आमचं गाव मसुऱ्याच्या पुढे, खाडीच्या अलीकडे. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. गावच्या देवीचं देऊळ खाली खोलगटात आहे. एसटी आणि गाड्या थांबतात वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. तिथून देवळाकडे चिऱ्यांची पाखाडी उतरते. पायऱ्या शंभराच्या आसपास, आणि एकीची उंची दुसरीला नाही. दुसरी वाट बैलगाडीची. ती लांबून वळसा घेते आणि देवळाला लागूनच असलेल्या एका शेतात निघते. ते शेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. भात कापल्यावर बाकीचे लोक कुळीथ पेरायचे, हा मात्र पौषातली जत्रा होईपर्यंत त्या तुकड्यात नांगर घालत नसे. जत्रेच्या गाड्या तिथे राहू देत, एवढंच त्याचं म्हणणं.

पूर्वी गाड्या म्हणजे बैलगाड्याच. मग मुंबईची चाकरमानी मंडळी फियाट, अँबॅसिडर घेऊन जत्रेला यायला लागली. काजूवाले, खडीवाले आपल्याकडचे श्रीमंतही काही मागे नव्हते. गाडीवाल्याला पाखाडी चालत नाही. त्याला गाडी देवीच्या उंबऱ्याशी न्यायची असते. एका वर्षी त्या शेतात गाड्या अशा काही अडकल्या की देवीची पालखी देवळाबाहेर निघेना. पुजारी बोंबलतोय, ढोल थांबलेत, आणि एक ड्रायव्हर आपली गाडी मागे घ्यायला दुसऱ्याला शोधत हिंडतोय. तेव्हा जत्रेच्या कमिटीने ठरवलं की पुढच्या वर्षापासून शेतात फक्त दहा गाड्या सोडायच्या. पण दहा कुणाच्या?

मी उभा राहिलो. मास्तर माणूस, उभं राहायची सवयच. म्हटलं, ‘‘अपंग, वृद्ध आणि आजारी व्यक्तींना घेऊन येणाऱ्या गाड्यांना पास द्यावेत.’’ टाळ्या पडल्या. पास लिहायचं आणि वाटायचं काम माझ्याच गळ्यात आलं. शाळेतल्या जाड पिवळ्या पुठ्ठ्याचे दहा पास कापले आणि माझ्या अक्षरात, ठसठशीत, लिहून काढले. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःवर इतका खूश होतो की काही विचारू नका.

आता आक्काबद्दल सांगितलं पाहिजे. आक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय गेला. काठी टेकत घरातल्या घरात आणि वाडीत फिरायची. लग्न झालं नाही. हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर गावभरच्या बायकांची पोलकी शिवायची आणि त्या बायकांना तोंडावर हवं ते सुनवायची. आई लवकर गेली. मला वाढवलं, शिकायला पाठवलं ते हिनेच. लहानपणी बाबा तिला पाठीवर घेऊन जत्रेला न्यायचे. बारा वर्षांची असताना पाखाडीवर एक बाई म्हणाली, ‘‘घोडी झाला तरी बापाशीच्या पाठीर बसता!’’ त्या दिवसापासून आक्काने कुणाला म्हणून स्वतःला उचलू दिलं नाही. आणि त्या दिवसापासून ती जत्रेलाही गेली नाही. सव्वीस वर्षं.

मग माझ्या मुलाला विषमज्वर झाला. मालवणला दवाखान्यात अकरा दिवस. मी आणि बायको तिकडे, आक्का घरी एकटी. तिने अंगणात येऊन देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि नवस बोलली, ‘‘गे आई, पोर घराक येवंदे. जत्रेदिवशी माझ्या पायान चलान येयन आणि माझ्या हातान तुझी ओटी भरीन.’’ पोर घरी आलं. हाडं तेवढी उरली होती, पण आलं.

आमच्याकडे नवस बोलला म्हणजे बोलला. तो दुसऱ्याच्या हातून फिटत नाही. तो फिटेपर्यंत पोर आपलं नाही, देवीकडून उसनं आणलेलं आहे, असं आक्का मानायची. तो नुसता शिंकला तरी तिचा मशीनवरचा हात थांबायचा. मी हसायचो. ‘‘सांगितलंय ना डॉक्टरांनी, औषधाने बरा झाला,’’ म्हणायचो. ती म्हणायची, ‘‘औषदान बरो झालो, पण बरो रवाक व्हयो ना?’’

तर अशी ती सव्वीस वर्षांनी जत्रेला जाणार होती. रिक्षा ठरवली होती. शेतापर्यंत रिक्षा, तिथून देवळापर्यंत चाळीस पावलं, ती तिची ती चालणार. त्यासाठी पास हवा होता, आणि पास तर माझ्याच खिशात होते.

जत्रेच्या चार दिवस आधी मी कमिटीच्या खोलीत पास घेऊन बसलो. पहिला आला काजूच्या कारखान्याचा मालक. ‘‘मास्तर, डायबेटीस.’’ दिला. मुंबईचा एक मोठा साहेब आला, त्याच्या पाठीचा मणका. दिला. एकाला रक्तदाब, एकाला हृदयाचं काहीतरी, एकाच्या घशात म्हणे जळजळायचं. आमच्या गावात एवढे श्रीमंत लोक आजारी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. गरीब तेवढे सगळे ठणठणीत. मला कळत नव्हतं असं नाही हो. पण तोंडावर खोटं कसं म्हणणार? आम्हा कोकणी माणसांना पाठीमागे बोलायला सांगा, वाटेल तेवढं बोलू. समोर आला की, ‘‘या, बसा, चाय घेतास?’’

दहावा पास मी सदऱ्याच्या खिशात घातला होता. आक्काचा. खोली बंद करून निघालो तर दारात कंत्राटदार. कसालच्या हायवेला खडी पुरवणारा, देवळापुढचा पत्र्याचा मांडव ज्याने स्वखर्चाने घातला तो. ‘‘आवशीसाठी व्हयो मास्तर. ती खाटेर आसा.’’ म्हातारीच्या अंगावरून वारं गेलेलं, एक बाजू लुळी, हे गावाला ठाऊक होतं. माझा हात खिशाकडे गेला. मनात आलं, हा पास मी बहिणीला दिला तर उद्या लोक म्हणतील, मास्तराने नियम घरासाठीच केला. आणि आक्काला काय, शेताच्या तोंडाशी गाड्या अडवायला बांधलेल्या दोरीवर माझेच विद्यार्थी उभे राहणार, मास्तरांच्या बहिणीला कोण अडवतोय! दिला पास. वर जत्रेच्या सकाळी त्या पोरांना गोळा करून मोठ्या रुबाबात बजावलं, ‘‘पासाशिवाय माझ्या बापाला पण सोडायचं नाही.’’

सोडलं नाही त्यांनी. आक्काची रिक्षा दोरीशी आली. रिक्षावाल्याने सांगितलं, मास्तरांची बहीण आहे. पोरं म्हणाली, मास्तरांनीच सांगितलंय. आक्का वाद घालत बसणारी नव्हती. ‘‘फिरव रिक्षा,’’ म्हणाली. मी तेव्हा खाली मांडवात छातीवर बिल्ला लावून लाऊडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होतो.

संध्याकाळी घरी आलो. मशीनवर ओटीचं ताट तसंच होतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मी ‘‘काय झालं?’’ विचारलं तर म्हणाली, ‘‘गर्दी होती रे. जमूक नाय.’’ एवढंच. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याकडून कळलं. मी तिला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मला तोंडच नव्हतं. पुढचं वर्षभर पोराला खोकला झाला, गुडघा फुटला, गोवर आला, आणि दर वेळी आक्का रात्र रात्र त्याच्या उशाशी. मला ते बघवायचं नाही. मी बाहेर जाऊन उगाच गड्यांवर खेकसायचो.

पुढच्या जत्रेआधी कमिटीची बैठक भरली तेव्हा मी तिथे अक्षरशः थयथयाट केला. म्हटलं, यंदा डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय पास नाही. सगळे ‘‘बरोबर, बरोबर’’ म्हणाले. आठ दिवसांत माझ्याकडे चौदा दाखले आले, सगळे श्रीमंतांचे, सगळे शिक्क्यासकट. गरिबाला दाखल्यासाठी मालवणला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, तो कशाला जातोय? ते कागद घेऊन मी घरी आलो आणि आक्कासमोर आपटले. आणि मग, कसं कोण जाणे, बोलून टाकलं. ‘‘आक्का, गेल्या साली एक पास उरला होता. तुझा होता. मी तो कंत्राटदाराला दिला.’’

ती दोरा दाताने तोडत होती. तोडला. म्हणाली, ‘‘माका ठावक आसा. रिक्षा थांबवली तेवा त्येची गाडी माझ्या बाजून गेली. काचेर पास होतो. तुझा अक्षर माका वळाखता येणा नाय?’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलान काय करू? गाडीत चार पुरुष होते. आवस नव्हती.’’

मी खाली बसलो. शिव्या द्यायच्या होत्या, पण कुणाला, हेच कळेना. आक्काने ते दाखले उचलले, एकेक चाळले, आणि हसायला लागली. ‘‘मेल्या, ह्ये कागद घाल चुलीत. पास खोलयेत कित्याक देतास? मांडार द्या. ज्येका व्हयो त्येचा दुखणा गाराण्यात सांगा. देवीक आयकांदे, गावाक आयकांदे.’’

आधी मला गंमत वाटली. मग अंगावर काटा आला.

हे कळायला मांड म्हणजे काय ते कळलं पाहिजे. वडाखालचा सारवलेला चौथरा, रस्त्याच्या कडेलाच. जत्रेच्या आधी तिथे सगळा गाव जमतो आणि थोरले मानकरी देवीकडे गाऱ्हाणं घालतात. ते एकेक वाक्य बोलतात आणि अख्खा गाव एका आवाजात म्हणतो, ‘‘व्हय म्हाराजा!’’ तिथे बोललेलं परत घेता येत नाही. म्हणजे समजा, मानकऱ्यांनी देवीला सांगितलं की याचा मणका मोडलाय, आणि दोनशे माणसं ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणाली, तर तो मणका शाबूत ठेवायचं देवीला काही कारणच उरत नाही.

कमिटीने मान्य केलं. नाही कोण म्हणणार? नाही म्हणणाऱ्याकडेच लोक बघणार.

ठरल्या दिवशी दुपारी मांड भरला. आक्का रिक्षातून आली आणि बायकांच्या पुढे, काठी मांडीवर आडवी ठेवून बसली. मानकरी उठले. सत्तरीचा किडकिडीत माणूस, एरवी बोलताना ऐकूही येत नाही. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की तो आवाज कुठून यायचा देव जाणे. पहिला काजूवाला. मानकऱ्यांनी हात जोडले. ‘‘गे आई माऊली! ह्यो तुझो लेकरू. साखरेच्या दुखण्यान ह्येचे पाय गेले आसत—’’

गावाने श्वास घेतला, आणि काजूवाला ताडकन उठला. ‘‘थांबा, थांबा! गेले नाय आसत! सकाळी दोन मैल चलतंय मी!’’

मांड असा काही हसला की वडावरचे कावळे उडाले. मुंबईचा साहेब मणक्याचा, त्याचं नाव पुकारायच्या आत म्हणाला, ‘‘मी चालत जाईन, तेवढाच व्यायाम.’’ हृदयवाला विडी ओढायला म्हणून उठला तो गेला. घशात जळजळणाऱ्याने तर चपला तिथेच टाकल्या. मी हातात पास घेऊन तोंड उघडं टाकून बघत होतो. इतके दिवस मी नियम लिहीत, दाखले तपासत डोकं फोडत होतो, आणि इथे एकही माणूस कुणाला खोटं म्हणाला नव्हता.

मग कंत्राटदार उठला. तो घाबरला नव्हता, त्याला घाबरायचं कारणही नव्हतं. ‘‘आवशीसाठी,’’ म्हणाला. ‘‘तिची एक बाजू गेलेली आसा. सगळ्यांका म्हायती आसा.’’

मानकऱ्यांनी विचारलं, ‘‘आवस खंय आसा?’’

‘‘घराक.’’

‘‘मगे जत्रेक कोण येतला?’’

कंत्राटदाराने मान वळवून गाडीकडे बघितलं. मानकरी आवाज न चढवता म्हणाले, ‘‘ज्येचा दुखणा, त्येना हयसर व्हया.’’

ज्या माणसाला साहेब लोक उठून खुर्ची देतात, त्याला असं भर गावात कुणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, झालं, आता हा देवळाच्या मांडवाचे पत्रे उचकटून नेतो. तो गाडीत बसला आणि धुरळा उडवत गेला. मानकरी खाली बसले. ‘‘वायच वाट बगूया,’’ म्हणाले. कशाची वाट ते मला कळेना.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. मागच्या सीटवर म्हातारी. नवं लुगडं घाईघाईत गुंडाळलेलं, केसांत अबोलीचा गजरा वाकडातिकडा खोवलेला. कंत्राटदाराने दार उघडलं. म्हातारीने वड बघितला, माणसं बघितली, आणि चालता हात उचलून एका हातानेच नमस्कार केला. मग लेकाकडे वळून, अडखळत पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘जत्रेक गाडी जाणा नाय म्हणान सांगलं होतंस मा रे माका?’’

कुणी हसलं नाही. कंत्राटदार जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याच्यावर माझा वर्षभराचा राग साठला होता, तो यायला हवा होता. नाही आला. तोच अपराध माझ्याही नावावर होता, फक्त माझ्याकडे गाडी नव्हती. मानकऱ्यांनी म्हातारीचं गाऱ्हाणं घातलं, गाव ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणाला, आणि मी पास तिच्या मांडीवर ठेवला.

मग आक्का. काठी टेकून ती उभी राहिली. मी उठायला लागलो तर डोळ्यांनीच दटावलं. मानकऱ्यांनी हात जोडले, डोळे मिटले, देवळाच्या दिशेला तोंड केलं.

‘‘गे आई माऊली! ही तुझी लेक. ल्हानपणापासून पायान अधू. हिच्यार दया कर. हिच्या पायाक बळ दे, हिचो पाय बरो—’’

‘‘थांबा,’’ आक्का म्हणाली.

गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याला कुणी मधे थांबवत नाही. बापयमाणूससुद्धा नाही, बाईची तर गोष्टच सोडा. काजूवाला उठला तो स्वतःचं गाऱ्हाणं नको म्हणून. हिने बोलणाराचे शब्दच अडवले होते. माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला.

‘‘पाय मागू नकात,’’ आक्का म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. ‘‘छत्तीस वर्सां झाली, माझो पाय असोच आसा. देवीक ठावक आसा. ता माझा आणि तिचा आमी बगून घेतलंव. तुमी जागो मागा. आणि तो देवीकडे मागू नकात. शेत गावाचा, दोरी गावाची, पास गावाचो. गेल्या वर्सा माका देवीन अडवूक नाय, गावान अडवल्यान. ज्येणा अडवल्यान, त्येच्याकडे मागा.’’

मी मराठीचा मास्तर. शब्दांवर पोट भरतो. पण माझ्या घरात, माझ्या शेजारी, पोलकी शिवत बसलेल्या या बाईच्या आत एवढं काही आहे, याचा मला पत्ता नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला ती ओळखीचीच वाटेना.

मानकऱ्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. लोकांना वाटलं आता कडाडतील. ते सावकाश वळले. देवळाकडे पाठ केली, आणि आमच्याकडे, म्हणजे काजूवाला, कंत्राटदार, मी, दोरीवरची पोरं, बायका, सगळ्यांकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

‘‘बा गावा म्हाराजा!’’

असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आजवर आम्ही देवाला ‘‘म्हाराजा’’ म्हणत आलो. आमच्यासमोर कधी कुणी हात जोडून उभं राहिलेलं नव्हतं.

‘‘बा गावा म्हाराजा! ही तुझी लेक. हिच्या पायाचा ता हिचा हिच्याकडे. पण हिका जागो दे. आज दे, दर वर्सा दे. ही येतली तेवा दोरी सोड, आणि हिच्यासारखो जो कोण येतलो, त्येका पण सोड!’’

सवयीने म्हणायचं ‘‘व्हय म्हाराजा’’ कुणाच्या तोंडून फुटेना. देवीकडे मागताना ‘‘व्हय’’ म्हणणं सोपं असतं, द्यायचं तिला असतं. इथे द्यायचं आम्हाला होतं. मानकरी हात जोडून तसेच उभे. मग मागून, शेतवाल्या म्हाताऱ्याचा बारीक आवाज आला, ‘‘व्हय रे बाबा, व्हय.’’ आणि मग सगळा मांड उठला. ‘‘व्हय म्हाराजा!’’ एवढ्या मोठ्याने मी ते आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आठ दिवसांनी जत्रा. त्या वर्षी शेतात चारच गाड्या होत्या. वर सड्यावर गाड्यांची ही रांग, आणि इस्त्रीच्या पँटी घातलेले साहेब लोक धुरळ्यातून पाखाडी उतरतायत, एकमेकांना ‘‘सांभाळून हां’’ म्हणत. आमच्या रिक्षाला पोरांनी दोरी लांबूनच सोडली. शेतात कंत्राटदाराची अँबॅसिडर होती, तिच्या शेजारी रिक्षा लागली. आक्का उतरली. ओटीचं ताट माझ्या हातात, पोराचं बोट बायकोच्या हातात. चाळीस पावलांना आक्काला खूप वेळ लागला. दर दोन-चार पावलांना थांबायची, कपाळ पुसायची. माझे हात शिवशिवत होते, पण मी पुढे केले नाहीत. गर्दी बाजूला होत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

गाभाऱ्यापुढे ती खाली बसली. ताट माझ्याकडून घेतलं. एकेक वस्तू स्वतःच्या हाताने देवीच्या पदरात घातली, तांदळाचा दाणा सांडू दिला नाही. पोराला जवळ ओढून देवीपुढे त्याचं डोकं टेकवलं. मागे रांग वाढत होती. पुजारी म्हणाला, ‘‘चला, चला, आटपा.’’ मी काही बोलायच्या आत मागून, आईला सावरत उभ्या असलेल्या कंत्राटदाराचा आवाज आला, ‘‘रवांदे तिका. घाई नाय.’’

आक्काने देवीकडे वर बघितलं. शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

‘‘घे गे आई, फिटलो नवस. पोर आता आमचा. वर्सभर उशीर झालो, पण तो माझो न्हय.’’ आणि मान माझ्याकडे वळवून म्हणाली, ‘‘ह्या मास्तरान केल्यान.’’

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. माझे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, कंत्राटदार, त्याची म्हातारी. मी देवीसमोर हात जोडले आणि म्हटलं, ‘‘व्हय म्हाराजा.’’